दाखवायची बटणं

ताईंचा अर्ज सरकारने पहिल्यांदा नाकारला तो त्यांच्या कपड्यांमुळे. कारण लिहिणाऱ्याने शब्द वाया घालवले नव्हते. अर्जदार नीटनेटक्या पोशाखात बसलेल्या आढळल्या, पुढची सगळी बटणं व्यवस्थित लावलेली होती, सबब रोजच्या कामांसाठी त्यांना दुसऱ्या माणसाची गरज दिसत नाही. धाकट्या भावाने ते मोठ्याने वाचून दाखवलं, कागद टेबलावर ठेवला आणि तो खाली बसला. ताईंना मात्र, खरं सांगायचं तर, आधी जरा बरंच वाटलं. नीटनेटक्या! जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर कपडा नीट बसवणाऱ्या बाईला सरकारकडून मिळालेलं हे एकुलतं एक प्रशस्तिपत्र. मग भावाचा चेहरा दिसला आणि तो आनंद जागच्या जागी विरला.

या बहीण-भावाचं शर्टांचं दुकान होतं. ताई कापायच्या, भाऊ काज-बटण करायचा, मधली शिलाई कारागिरांकडे. कापणाऱ्याला त्या धंद्यात मास्तर म्हणतात, आणि बाई असल्या तरी ताई मास्तरच. कापड टेबलावर पडलं की एक घाव दोन तुकडे. पुन्हा मोजायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाची कॉलर वाकडी असली तर त्यांना इकडे दाढदुखी व्हायची. भाऊ काजं करतो म्हणून सगळा बाजार त्याला काजवा म्हणायचा, आणि तो बिचारा त्या नावाला ओ द्यायचा. लग्नाच्या बाजारात दोघांचंही माप कुणाला बसलं नाही. ताईंना कुणी पसंत पडला नाही आणि काजव्याला कुणी विचारलंच नाही. मग कोण कुणाला सोडून जाणार? दोघंही दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत म्हातारी झाली.

काजव्याच्या हातची काजं बघायला दुसऱ्या दुकानांतले कारागीर यायचे. ताई मात्र शर्ट उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून म्हणायच्या, "चालेल." याच्यापुढे त्यांची मजल कधी गेली नाही.

मग एके दिवशी कापता कापता कात्री हातातून खाली पडली, आणि पाठोपाठ ताईही. अर्धांगवायूने उजवा हात नेला, उजवा पाय नेला. डाव्या हाताची बोटं संधिवाताने आधीच वाकलेली होती, ती कामाला उरली. जीभ मात्र शाबूत राहिली. काजवा म्हणायचा, देवाने नेमकं तेच कसं ठेवलं कोण जाणे. दुकान विकावं लागलं. वर फक्त एक शिलाई मशीन आलं, खिडकीपाशी.

भावाने बहिणीचं सगळं करायचं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. भरवणं सोपं असतं. रात्री उठून कूस बदलून देणं, हेही सवयीने जमतं, फक्त झोपेचं खोबरं होतं. अवघड होते ते कपडे. ताईंना डोक्यावरून घालायचं काही चालत नव्हतं, म्हणून पुढून उघडणारा लांब झगा. त्याला गळ्यापासून खालपर्यंत बटणं. पाठीमागे उभं राहून बाह्या चढवल्या की ती बटणं लावायला काजव्याला समोर यावं लागायचं. बोटं त्याचीही आता जड झालेली. एकेक बटण लावायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ दोघांनी कुठे बघायचं हा प्रश्न असायचा. ताई छताकडे बघायच्या. तो बटणाकडे बघत नसल्याचं दाखवत बटण लावायचा, मग ते हमखास चुकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी त्यानेच तोड काढली. झग्याच्या पुढच्या पट्टीला आतून वेल्क्रो शिवलं; मुलांच्या बुटांना असते ना, चर्र करून उघडणारी पट्टी, ते. आता मान वळवून, भिंतीकडे बघत, हाताने वरून खाली एकदा दाबलं की काम झालं. "झालं?" "झालं." दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला.

पण मास्तर त्या मास्तरच. बटणांशिवाय कपडा म्हणजे पोतं, असं त्या म्हणाल्या. मी काय बटाटा आहे का? तेव्हा काजव्याने तशाच दुसऱ्या झग्याला बाहेरच्या बाजूने काजं केली, न चिरता, नुसती भरलेली, आणि त्यांच्यावर बारीक शिंपल्याची बटणं पक्की शिवून टाकली. कुणी नाक लावून बघितलं तरी कळू नये, इतकं बेमालूम. ताईंनी डावा हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "चालेल."

हीच ती बटणं. पहिल्या खेपेला तपासणीला आलेल्या साहेबांनी ती उंबऱ्यावरून पाहिली आणि त्यांचं मत तिथेच बनलं.

आता अंघोळीचं. तिथे वेल्क्रोचा काही उपयोग नव्हता. ताईंनी पहिल्याच आठवड्यात निक्षून सांगितलं होतं, की अंघोळ माझी मी करीन, जमेल तशी, आणि तू आत पाऊल टाकायचं नाहीस. तो त्यांना स्टुलावर बसवायचा, अंगावर मोठा टॉवेल टाकायचा, गरम पाण्याची बादली डाव्या हाताशी ठेवायचा आणि बाहेर येऊन दार लोटून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आतलं काही दिसत नव्हतं तरी भिंतीकडेच. थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचा, "ताई?" आतून उत्तर यायचं, "हं." हं आलं की बाई शुद्धीत आहे, पडलेली नाही, असा हिशेब.

एकदा हं आलं नाही. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. काजव्याने दाराला हात घातला, तोच आतून ओरडणं आलं, "आत येऊ नकोस!" ताई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, टॉवेल लांब गेला होता, आणि तो एका वाकड्या हाताने ओढून अंगावर घेईपर्यंत त्यांनी भावाला दाराबाहेर उभं ठेवलं. अंगावरचं पाणी गार झालं. बाहेर काजवा दाराला कपाळ टेकून "ताई, येऊ का, ताई, येऊ का" करत होता. शेवटी "ये" म्हणाल्या, तेव्हा त्याचे हात इतके कापत होते, की कोण कुणाला उचलतंय हेच कळेना.

त्यानंतर अर्ज केला. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना सांभाळायला कुणी ठेवता यावं म्हणून सरकार भत्ता देतं, हे काजव्याला औषधाच्या दुकानात कळलं. पलीकडच्या गल्लीत एक बाई होती, दवाखान्यात आया म्हणून काम केलेली. सकाळी येऊन अंघोळ घालीन म्हणाली होती. फुकट कशी येईल? तिला तिचं घर होतं. भत्ता मिळाला तर ती येणार, नाही तर ते स्टूल, ती फरशी आणि तो भिंतीकडे तोंड केलेला भाऊ.

नकार आला तेव्हा काजव्याने फेरतपासणी मागितली. दुसऱ्यांदा कुणीतरी येणार म्हणून निरोप आला, त्या संध्याकाळी तो ताईंच्या समोर स्टूल घेऊन बसला.

"ताई, उद्या तो जुना झगा घालू या. पट्टीचा. बिनबटणांचा."

"का? माणसं येणार आहेत ना घरात?"

"म्हणूनच तर."

"कुणाच्या घरी पाहुणे येणार म्हणून कुणी पोतं नेसून बसल्याचं ऐकलंयस?"

"पाहुणे नाहीत गं ते. तुझे हाल बघायला येणार आहेत. हालच दिसले नाहीत तर लिहिणार काय?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "निदान विचारतील तेव्हा येत नाही म्हणून सांग. एक दिवस. माझ्यासाठी."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? खरं सांग!"

खोटं ताईंना निभावलं असतं. खरं सांगायचंच जिवावर येत होतं. मी बटणांच्या झग्यात बसते पण मला बटण लावता येत नाही, माझा भाऊ मला शी-शूला नेतो, हे कुणा परक्या माणसासमोर स्वतःच्या तोंडाने म्हणायचं? मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा मोडून झाल्यावरही काही जात नाही. त्यांनी मान फिरवली.

"तू मधे बोलायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "अर्ज माझा आहे. मी बोलेन."

काजवा उठला. त्या दिवशी त्याने पुढे वाद घातला नाही, याचंच ताईंना नंतर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आलेल्या बाई मध्यमवयीन होत्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या. आधी पाणी मागितलं. मग खुर्ची ओढून ताईंच्या समोर बसल्या आणि मांडीवर फाईल उघडली. काजव्याने चहा केला. बाईंना दिला, ताईंच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि आपली कपबशी घेऊन मशीनजवळच्या खुर्चीत बसला. सांगितल्याप्रमाणे तोंडाला कुलूप.

"सकाळी अंथरुणातून तुम्हाला कोण उठवतं?"

"उठते मी."

"एकट्या?"

"काठी आहे ना." काठी होती, हे खरं. आणली तेव्हापासून ती कोपऱ्यातून हललेली नव्हती.

"जेवण?"

"डावा हात चालतो."

हेही खोटं नव्हतं. घासाचे तुकडे कोण करतं, हे काही बाईंनी विचारलं नव्हतं. बाई लिहीत गेल्या, ताई उत्तरं देत गेल्या. कापड कापावं तशी सरळ, बिनगाठीची उत्तरं. मनात मात्र त्या वाट बघत होत्या, की आता काजवा खाकरेल, आता मधे बोलेल. त्याला गप्प बसवायला एक वाक्यही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"कपडे?" बाईंची नजर झग्यावरून खाली उतरली. "एवढी बारीक बटणं. तुम्हीच लावता?"

"माझ्या कपड्यांना मी कुणाला हात लावू देत नाही."

खाकरणं आलं नाही. ताईंनी मशीनकडे बघितलं.

काजवा झोपला होता. बसल्या बसल्या, हनुवटी छातीला टेकवून. हातातली बशी कलली होती आणि चहाची बारीक धार त्याच्या पँटवर गळत होती, तरी त्याला जाग नव्हती. दुपारचं ऊन सरळ तोंडावर पडलं होतं. त्या उजेडात ताईंना त्याचा शर्ट दिसला. गळ्याखालचं दुसरं बटण गेलेलं. त्या जागी दोन दोरे लोंबत होते आणि शर्ट आतून एका सेफ्टी पिनेने कसाबसा धरलेला होता.

ताई बघतच राहिल्या. हा काजवा. ज्याने सगळ्या गावाची बटणं लावली तो. आणि आपण, रस्त्यापलीकडची वाकडी कॉलर ओळखणाऱ्या, रोज आपल्यावर वाकणाऱ्या या शर्टाकडे आपण किती दिवस बघितलंच नाही? तो समोर आला की छताकडे बघायची सवय लागली होती. त्या सवयीत भाऊच दिसेनासा झाला. एवढा म्हातारा कधी झाला हा? ताईंना इतकी लाज वाटली, की आतापर्यंत जिला त्या लाज म्हणत होत्या ती तिच्यापुढे काहीच नव्हती.

"झोपू द्या त्यांना," बाई हळू आवाजात म्हणाल्या आणि उठून त्यांनी बशी अलगद काढून घेतली. परत येऊन बसल्या. "आता अंघोळीचं सांगा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ झाकून ठेवायला हात लागत होता तो दुसऱ्याचा.

"बाई, जरा पुढे या. हे बटण काढून बघा."

"मी?"

"वरून दुसरं. बघा तर."

बाईंनी चष्मा सावरला, वाकल्या आणि दोन बोटांनी बटण फिरवून पाहिलं. इकडून ओढलं, तिकडून ढकललं. "निघत नाही हो."

"निघणार नाही. ते शोभेचं आहे. सगळीच. आता इथे कॉलरला धरा आणि ओढा. घाबरू नका, ओढा जोरात."

बाईंनी ओढलं. चर्र करून आवाज झाला आणि झगा अर्ध्यावर उघडला.

त्या आवाजासरशी काजवा खडबडून उठला. डोळे धड उघडलेही नसतील. "ताई, थांब," म्हणत तो दोन ढांगांत आला, मान भिंतीकडे वळवली, आणि न बघता, न चाचपता, हात गळ्यापाशी ठेवून वरून खाली एका दाबात पट्टी बंद केली. मग तोंड तसंच भिंतीकडे ठेवून म्हणाला, "झालं?"

"झालं," ताई म्हणाल्या.

एवढं झाल्यावर त्याला समोरच्या बाई दिसल्या. तो ओशाळला आणि पँटवरचा चहा पुसायला लागला.

बाईंनी आधी लिहिलेल्यावर रेघ मारली. "पुन्हा पहिल्यापासून विचारते," त्या म्हणाल्या. "कपडे कोण घालतं?"

"हा."

"उठवतं कोण? नेतं-आणतं कोण?"

"हाच. रात्री कूसही हाच बदलतो."

"आणि अंघोळ कोण घालतं?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"कुणीच नाही घालत. मी या हाताने पाणी घेते, ते पोहोचेल तिथपर्यंत पोहोचतं. हात खाली आला की अंघोळ झाली. मी अंघोळीत पडले त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या पाठीला साबण लागलेला नाही." ताईंचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. "त्याला मी आत येऊ देत नाही. तो बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा काही दोष नाही, तसं लिहू नका. मला लाज वाटते, म्हणून. आणि माझी लाज राखता राखता हा माझ्याआधी मरेल. हे लिहा."

"ताई, पुरे," काजवा म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस. अर्ज माझा आहे."

बाईंनी लिहिलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, की जे पाहिलं ते मी लिहिलंय, मंजूर करणारे वेगळे आहेत, शब्द देता येणार नाही. मग जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"तुझं बटण कधी तुटलं?" ताईंनी विचारलं.

"कुठलं?" काजव्याने मान खाली घालून पाहिलं. "हे होय. झाले असतील काही दिवस."

"माझं एक काढ आणि लाव तिथे."

"रंग जुळत नाही."

"नाही जुळला तर नाही. काढ."

त्याने खालचं एक बटण उसवलं आणि शर्ट अंगावरच ठेवून, आरशात बघत शिवलं. ताई डोळे बारीक करून बघत होत्या. दोरा तोडून तो वळला, तेव्हा चालेल म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्या म्हणाल्या, "छान बसलंय." काजव्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं, जणू हिला ताप चढलाय.

भत्ता मंजूर झाला. लगेच नव्हे, दोघांनी आशा सोडल्यावर, आणि मागितला त्यापेक्षा कमी. आया रोज येऊ शकणार नव्हती, आठवड्यातून तीन सकाळी येईन म्हणाली. नाही मामापेक्षा काणा मामा बरा. उरलेले दिवस स्टूल होतंच.

पहिल्या दिवशी आयाने बाह्या सरसावल्या, दार लोटलं आणि ताईंच्या पाठीवर गरम पाणी ओतलं. मग साबण लावला. खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश, घासून घासून. ताईंनी डोळे मिटले. रडायचं नव्हतं, पण तोंडावर पाणी असतं तेव्हा रडलं काय आणि नाही काय.

"ताई?" बाहेरून हाक आली.

आया थबकली. "कोण हो?"

"माझा भाऊ," ताई म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "अरे, आता आत माणूस आहे. तू जा. जरा आडवा हो."

"बरं."

पावलांचा आवाज काही आला नाही. आयाने दुसरा मग ओतला, मानेवरून साबण खाली गेला. बाहेर शांत होतं. ताईंना वाटलं, गेला असेल, झोपला असेल एकदाचा.

"ताई?" आवाज पहिल्यापेक्षा हळू होता.

"हं," ताई म्हणाल्या.